गिव्ह-गेव्ह-गिव्हन, देणे

आमच्या घरात देवाचं नाव नंतर, आधी 'अराइज-अरोज-अरिझन, उठणे'. एक नाही, दोन नाही, एकोणीस वर्षं हेच. अहमदपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत सरांचा इंग्रजीचा क्लास, मागं माझं स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा. सकाळी साडेसहाला पस्तीस-चाळीस पोरं सतरंजीवर मांडी घालून बसायची. सर नुसतं 'ईट' म्हणायचे, की पोरं सुरात ओढायची, 'ईट-एट-ईटन, खाणे'. सर 'गिव्ह' म्हणायचे, पोरं 'गिव्ह-गेव्ह-गिव्हन, देणे'. अशी एकशे बेचाळीस क्रियापदं. रोज. पाढे म्हणावेत तशी.

सर म्हणजे माझे मालक, दयानंद. अख्खा गाव त्यांना सर म्हणतो म्हणून मीही सरच म्हणते. मी धर्माबादची, सातवीपर्यंत शिकलेली. मला इंग्रजीत सही येत नाही, पण भाकरी थापता थापता ती एकशे बेचाळीस माझीही पाठ झाली. कान काही पडद्याआड ठेवता येत नाहीत. एकदा मी विचारलं होतं, "अहो, ह्या पोरांना ह्यातलं कळतं तरी का? की नुसती पोपटपंची?" तर म्हणाले, "आधी पाठ होऊ दे. पाठ झालेलं जन्मात विसरत नाही." माझं डोकं उठायचं. पण क्लासवरच घर चालत होतं, शिवांगीचं शिक्षण त्यातच झालं, म्हणून गप्प बसायचे.

शिवांगी आमची एकुलती एक. नांदेडला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती घरी आली आणि जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं, की तिच्या मनात एक मुलगा आहे. महांतेश नाव. उदगीरकडचा, नांदेडला बँकेत नोकरी, घरात कानडी बोलतात, जात वेगळी. मी लगेच तोंड उघडलं, "घरी कोण कोण असतं? आई कशी आहे त्याची?" तर पोरगी मला म्हणते, "आई, तू थांब ना जरा. आधी बाबांना बोलू दे."

मी थांबले. आत जाऊन चहा टाकला. आम्हाला दुसरं येतं काय?

सरांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "बुधवारी सांगतो." हा माणूस कूलर घ्यायचा म्हटलं तरी चार दिवस विचार करणारा. लेकीचं लग्न म्हणजे तर बघायलाच नको.

मंगळवारी सकाळी क्लास चालू होता. मी तव्यावर भाकरी टाकली होती. पोरांचा आवाज चालला होता आणि मधेच थांबला. सरांनी पुढचं क्रियापद म्हटल्याशिवाय पोरं पुढं जात नाहीत, म्हणून सगळी वाट बघत बसलेली. मीही वाट बघितली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या वेळेला घर गप्प झालं होतं, आणि मला ते गप्प होणं ऐकूनच कळलं. पडदा बाजूला करून बघते तर सर खुर्चीत एका अंगाला कललेले, तोंड वाकडं, आणि पोरं आपली शिस्तीत बसलेली. कुणी उठलं नाही, की मला हाक मारली नाही. सरांनी सांगितलं नव्हतं ना!

लातूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय हळूहळू चालायला लागला. पण वाचा गेली. कळत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं की कळतंय. बोलायला गेले की नुसतं "अं… अं…" आणि मग चिडून डावा हात खाटेवर आपटायचे. बुधवार आला आणि गेला. शिवांगीला काय सांगणार होते, ते त्यांच्या पोटातच राहिलं.

घरी आणल्यावर महिन्याभरानं एक गोष्ट झाली. मी सकाळी भाकरी करत होते. घर सुनंसुनं, क्लास बंद. सवयीनं माझ्याच तोंडून निघालं, "ईट…" आणि पुढच्या खोलीतून आवाज आला, "एट, ईटन, खाणे."

तशीच पिठाच्या हातानं पळाले. सर खाटेवर बसलेले, स्वतःच दचकलेले. मी म्हटलं, "अराइज." ते म्हणाले, "अरोज, अरिझन, उठणे." अगदी स्पष्ट. मी रडायलाच लागले. शिवांगीला फोन केला, हदगावला मोठ्या भाऊजींना फोन केला, शेजारीपाजारी साखर वाटली. मग सगळ्यांसमोर हौसेनं विचारलं, "अहो, माझं नाव सांगा बरं." सरांनी तोंड उघडलं. घामाघूम झाले. "अं… अं…"

साखर वाटून झाली होती. ती काही परत मागता येत नाही.

दर गुरुवारी मी त्यांना एसटीनं लातूरला न्यायचे. तिथं बोलणं शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम आहेत, माझ्या शिवांगीएवढ्याच असतील. त्यांनी समजावून सांगितलं. "काकू, पाठ केलेलं आणि मनातलं, ही दोन्ही मेंदूत एका जागी नसतात. काकांचं पाठ केलेलं शाबूत आहे. कुणी सुरुवात करून दिली की ते आपोआप बाहेर पडतं, त्यांनी ठरवलं नाही तरी. पण ते बोलणं नव्हे. मनातलं बाहेर यायची वाट तुटलीय. ती हळूहळू होईल."

"किती दिवसांत?"

"ते सांगता येत नाही. तुम्ही एकच करा. काही विचारलं की थांबा. त्यांचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका."

थांबा म्हणे. घरात गॅसवर दूध, दारात भाजीवाली, नळाला चार दिवसांनी आलेलं पाणी, आणि मी ह्यांच्या तोंडाकडं बघत थांबू!

आणि ते आपोआपचं प्रकरण तर इतकं डोक्यात जायचं की काय सांगू. ताट पुढं ठेवून मी चुकून 'ईट' म्हटलं, की हे 'एट, ईटन' म्हणून मोकळे. जेवायच्या आधीच जेवून झालं! पाणी हवं का म्हणून 'ड्रिंक' म्हणावं तर 'ड्रँक, ड्रंक, पिणे', आणि पेला तसाच. नंतर त्यांनाच तहान लागलेली असायची आणि तेच माझ्यावर डोळे वटारायचे. मान हलवण्याचाही भरवसा नव्हता. एकदा शिवांगीनं समोर बसून विचारलं, "बाबा, महांतेश तुम्हाला पसंत आहे का?" मान हलली, हो. ती खूश. मी म्हटलं, थांब. मी विचारलं, "महांतेश नापसंत आहे का?" मान हलली, हो. मी विचारलं, "अहो, मी म्हैस आहे का?" मान हलली, हो. शिवांगी उठून गच्चीवर गेली.

त्यात जुने विद्यार्थी. कुणाकडून तरी त्यांना कळलं की सरांना सगळं पाठ आहे अजून. मग काय, देवदर्शनाला यावं तसे यायला लागले. पाया पडायचे आणि म्हणायचे, "सर, गो." सर म्हणायचे, "वेंट, गॉन, जाणे." पोरं टाळ्या वाजवायची. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते ह्यांना आनंदाचं वाटायचं. एकजण तर मोबाईल काढून चित्रण करायला लागला. मी त्याला लाटणं दाखवून दारापर्यंत सोडून आले. माणूस आहे का बटण?

असे तीन महिने गेले. मे उजाडला तसे उदगीरहून फोन सुरू झाले. महांतेशचे वडील मलप्पा, माणूस सरळ. म्हणाले, "ताई, आमी घाई करनारे न्हाई. पर महांतेशची बदली बेंगळुरूला होऊन राहिली. जून सरायच्या आत लगीन झालं तर पोरं संगं जातील. नसल जमत तर तसं सांगा, म्हंजी आमीबी दुसरीकडं बगाया मोकळे."

मी शिवांगीला म्हटलं, "पोरी, उरकून टाकू." तर तिचं एकच, "बाबांचा शब्द आल्याशिवाय मी लग्न करणार नाही. त्यांच्या मनात नाही म्हणायचं असलं तर? त्यांना बोलता येत नाही म्हणून मी माझंच खरं करू?" तिचंही खोटं नव्हतं. पण जूननंतर मुलगा बेंगळुरूला, त्याचे वडील दुसरीकडं बघायला मोकळे, आणि ही बापाच्या तोंडाकडं बघत नांदेडला. पोरीनं खाणंपिणं टाकलं होतं. फोनवर आवाज ऐकला तरी कळायचं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, आमच्याकडं व्याही व्हायच्या आतच घोडं आलं. हदगावहून साहेबराव भाऊजी येऊन बसले. हे सरांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते, दहा एकर कापूस-सोयाबीन आणि शंभर एकराचा आवाज. त्यांनी मिशीवरून हात फिरवून सांगितलं, "हे बघ तारामती. जात दुसरी असली तरी मी काई म्हनत न्हाई, जमाना बदलला. पर रीत ती रीत. बैठकीत पोराचा बाप इचारतो, मुलगी दिली का? पोरीच्या बापानं सोताच्या तोंडानं 'दिली' म्हनायचं, मंग ते 'केली' म्हनतेत, मंग सुपारी फुटती. बापाचं तोंड हालल्याबिगर आपल्या घरात आजवर सुपारी फुटली न्हाई."

"भाऊजी, त्यांचं तोंड हलत नाही, हाच तर रोग आहे," मी म्हटलं.

"हालतंय की. ते इंग्रजी बोलून राहिला न्हवं परवा?"

मग त्यांनी शिवांगीला फोन लावून विचारलं, 'दिली'ला इंग्रजीत काय म्हणतात. ती बिचारी काय, सांगून बसली, 'गेव्ह'. झालं! भाऊजींना मांडीवर थाप मारायला निमित्तच मिळालं. "मंग येवढं काय! पाव्हन्यांनी इचारलं की मी हळूच म्हनतो 'गिव'. दया म्हनंल 'गेव्ह'. म्हंजी 'दिली'च की! बापाच्या तोंडून शबूद निघाला. रीतबी झाली आन् पोरीचं समाधानबी झालं. तिला फकस्त सांगू नको, मी 'गिव' म्हनलं म्हनून."

खरं सांगते, मलाही मोह झाला. तीन महिने झोप नव्हती, पोरगी वाळत चालली होती, आणि हा उपाय हाताशी होता. दुपारी भाऊजी बाजारात गेल्यावर मी सरांसमोर जाऊन बसले. म्हटलं, करून तर बघू. मी म्हटलं, "गिव्ह."

"गेव्ह, गिव्हन, देणे," सर म्हणाले. आणि माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मला सहन झालं नाही. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, फोनसुद्धा. मला माझीच लाज वाटली. आपण त्या मोबाईलवाल्या पोराला लाटणं दाखवलं आणि आता आपणच तेच करायला बसलो.

भाऊजी आल्यावर मी सांगितलं, "हे बरं दिसत नाही. ते काही बोलणं नव्हे, मॅडमनी सांगितलंय. त्यांनी न ठरवताच निघतं ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" भाऊजी म्हणाले. "बायामान्सानं बैठकीच्या गोष्टीत पडू ने. तू आपलं पव्ह्याचं आन् चहाचं बघ. रईवारी बोलावलंय मी त्यायला."

म्हणजे बोलावूनही मोकळे. माझ्या घरात, माझ्या लेकीची सुपारी, आणि मला पोह्यांपुरतं आवतण!

रविवारी अकराला पाहुणे आले. मलप्पा, त्यांच्या बायको रत्नम्मा, महांतेश आणि त्यांच्यातले दोन म्हातारे. पुढच्या खोलीत गादी-तक्के टाकले होते. सरांना पांढरा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं, त्यांच्या डाव्या अंगाला भाऊजी. शिवांगी दाराशी मोरपंखी साडीत उभी. आणि मी पडद्याआड, गॅसवर दूध, हातात चिमटा. पडद्याच्या फटीतून मला सरांचं अर्धं तोंड दिसत होतं.

पोहे झाले, पाऊसपाण्याचं झालं. ताटात कुंकू, हळद, नारळ आणि सुपारी ठेवली. मलप्पांनी टोपी सारखी केली आणि हात जोडून विचारलं, "बोला सर. मुलगी दिली का?"

भाऊजी सरांच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं हळू बोलले, पण हळू बोलायची त्यांना सवय नाही. सगळ्यांना ऐकू आलं.

"दया, गिव."

सरांनी ओठ मिटून घेतले.

"गिव. अरे, गिव!"

मला फटीतून दिसलं. शब्द अगदी ओठापर्यंत आला होता. खालचा ओठ दाताखाली गेला, गाल थरथरले. कोणत्याही क्षणी 'गेव्ह' बाहेर पडणार. आणि सरांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. असा घट्ट, की बोटं पांढरी पडली.

भाऊजींचा चेहरा पडला. शिवांगीनं तोंडात पदर कोंबला. तिला वाटलं, बाबा नाहीच म्हणतायत. महांतेशनं मान खाली घातली. रत्नम्मा नवऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि उठायला लागल्या. मलप्पा म्हणाले, "राहू द्या सर. तुमच्या मनात नसल तर आमी जबरदस्ती करनार न्हाई. नाराजीनं घेतलेली लेक सुकात राहत नसती."

"न्हाई न्हाई, पाव्हनं, तसं न्हाई," भाऊजी सुरू झाले. "त्याच्या मनात हायच. दया, हाय ना? मान हालव. बगा, मान हालवून राहिला…"

माझं टाळकं सरकलं. तीन महिने जो तो ह्या माणसाच्या तोंडात आपलाच शब्द कोंबत होता. पोरं, भाऊजी, लेक, आणि मीसुद्धा. मी चहाच्या कपांचा ट्रे हातात तसाच घेऊन पडद्याबाहेर आले आणि ओरडले, "गप बसा सगळे! कुणी काही म्हणू नका. ते हात काढेपर्यंत थांबा."

थोरल्या दिरासमोर तीस वर्षांत मी असा आवाज काढला नव्हता. भाऊजी आ वासून बसले. रत्नम्मा अर्धवट उठल्या होत्या, त्या पुन्हा टेकल्या.

थांबलो. किती वेळ कोण जाणे. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, मी हलले नाही. कुणीतरी खोकलं. पंखा कुरकुरत होता. सरांनी हळूहळू हात खाली घेतला. तोंड उघडलं. मिटलं. कपाळावर घाम आला. मला पुढचं सुचत होतं, माझ्या जिभेवर दहा शब्द होते त्यांना द्यायला, 'हो', 'नाही', 'दिली', पण मी दात आवळून उभी राहिले.

"हि…" सर म्हणाले.

त्यांनी मान सरळ केली, पुन्हा जोर लावला.

"हि… ला." डावा हात उचलला. बोट माझ्याकडं. "वि… विचा… रा."

एवढंच. आणि खुर्चीत मागं टेकले, मैलभर पळून आल्यासारखे.

आधी कुणाला कळलंच नाही. शिवांगीला कळलं. ती माझ्याकडं बघायला लागली, जशी मी आजवर त्या घरात नव्हतेच आणि आत्ता आले. मग मलप्पांना कळलं. त्यांनी सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जोडलेले हात तसेच माझ्याकडं वळवले. "मंग ताई, तुमीच सांगा. मुलगी दिली का?"

सगळी खोली माझ्याकडं बघत होती.

आणि मला शब्द फुटेना. माझ्यासारख्या बडबडीला! नवऱ्याचं, दिराचं, पोरांचं, नळाचं, एसटीचं, सगळ्यांचं गाऱ्हाणं माझ्या जिभेवर तयार असतं. पण ह्या प्रश्नाचं उत्तर मी कधी तयारच केलं नव्हतं. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून मी चिडत होते, पण विचारलं तर काय सांगायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला. मग सरांचा. मेल्यानं सगळं माझ्या गळ्यात टाकलं आणि आपण मागं टेकून बसला.

मी ट्रे खाली ठेवला. सरांच्या शेजारी तक्क्यापाशी जागा होती, तिथं जाऊन बसले. बैठकीत, बाप्यांच्या ओळीत. मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

"आधी मला मुलाला विचारायचंय," मी म्हटलं.

"इचारा की," मलप्पा म्हणाले.

"महांतेश, आमचे सर हे असे. बरे होतील, न होतील. मी एकटी करते. उद्या मला ताप आला, माझा पाय मोडला, तर शिवांगीला बेंगळुरू सोडून इथं यावं लागेल. महिना लागेल, दोन महिने लागतील. तेव्हा तुम्ही काय कराल?"

तो पोरगा लाल झाला. आईकडं बघितलं नाही, बापाकडं बघितलं नाही. सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "मला सैपाक येत न्हाई, आई. वरण-भात येतो फकस्त. सुट्टी काढून येईन. पर तुमाला रोज वरण-भातच खावा लागंल."

रत्नम्मांनी पदरानं तोंड झाकलं. हसल्या का लाजल्या, कळलं नाही. मी शिवांगीकडं बघितलं. ती रडत होती आणि मान हलवत होती, आणि तिची मान भरवशाची आहे.

"दिली," मी म्हटलं.

"केली," मलप्पा म्हणाले. भाऊजींनी अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली. फोडताना पुटपुटलेच, "आसं आपल्या घरात कंदी झालं न्हाई." मी म्हटलं, "आता झालं." मग आत जाऊन जळालेलं दुधाचं पातेलं खाली उतरवलं आणि ओट्याला टेकून पोटभर रडले.

लग्न जूनच्या नऊ तारखेला झालं. पोरं बेंगळुरूला गेली. सर त्या रविवारनंतर पुन्हा एक अक्षर बोललेले नाहीत. गुरुवारी लातूरला जातो, वर्षाराणी मॅडम म्हणतात, "एकदा वाट उघडली ना काकू, मग पुन्हा उघडेल. थांबा." मी थांबते. ताट पुढं ठेवते, तोंडानं काही म्हणत नाही, आणि ते घास घेईपर्यंत बघत बसते. दूध उतू जातं तर जातं.

पण एक सांगून ठेवते. ह्या माणसाला जन्माचं मिळून दोनच शब्द शिल्लक असतील, तर ते त्यानं माझ्यासाठी खर्च केले, हे मला समजतं. मी दगड नाही. पण हे दोन शब्द त्याच्याजवळ तीस वर्षं होते. चांगली वाचा होती, हातात खडू होता, दिवसाला एकशे बेचाळीस क्रियापदं म्हणत होता, तेव्हा एकदा तरी म्हणायला काय झालं होतं? बोलायला लागू द्या त्यांना नीट. पहिलं भांडण ह्याच्यावरूनच काढणार आहे मी.